नॉर्मा टॅकेटचा प्रश्न

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात हार्लन लिंडक्विस्ट यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. तीन दारांचं कोडं त्यांच्या खास आवडीचं. एका दारामागे मोटार, दोन दारांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, टीव्हीवरचा सूत्रसंचालक दुसरं उघडून बकरी दाखवतो. आता आपलं दार बदलावं का? वर्ग म्हणायचा, काय फरक पडतो? मग सर फळ्यावर सिद्ध करायचे, की बदललं तर जिंकण्याची शक्यता दुप्पट होते.

एका वर्षी नॉर्मा टॅकेटने हात वर केला. चाळिशीची बाई, सकाळी हायवेवरच्या खाणावळीत वाढपीण. नर्सिंगला जायचं म्हणून तिला या विषयात पास व्हायचं होतं.

"सर, मोटार कुठे आहे ते त्या माणसाला ठाऊक होतं, की त्यानं आपलं सहजच दार उघडलं?"

"मिसेस टॅकेट, त्याच्या मनातलं त्याच्या बायकोला विचारा. इथे आपण गणित करतो."

वर्ग खिदळला. नॉर्मा पुन्हा वर्गात दिसली नाही.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात ते बहिणीला, ईडिथला, हेच कोडं पत्त्यांवर समजावत होते. एक एक्का, दोन दुर्र्या. ईडिथची नजर गेलेली; ते एक पत्ता निवडायचे, मग ती उरलेल्या दोनांतला हाताला लागेल तो उलटायची. एक्काच उलटला तर तो डाव बाद. दीडशे डाव झाले. उरलेल्या डावांत बदलणारा आणि न बदलणारा जवळजवळ सारखेच जिंकले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि अर्ध्या तासात हात टेकले. सूत्रसंचालक जाणूनबुजून बकरीचंच दार उघडतो, या गृहीतावर त्यांची सिद्धता उभी होती, आणि तीस वर्षांत ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

ते नॉर्माला शोधत गेले; ती अजून त्याच खाणावळीत होती. केस पांढरे झालेले. लिंडक्विस्टनी सगळं सांगितलं, माफी मागितली.

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"अगदी बरोबर. चूक माझी."

तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मला वाटलं, आपलं डोकंच नाही त्यात. लेकीलाही तेच सांगत आले, आपल्या घरात गणित कोणाला येत नाही. तिनं शाळेतच सोडलं."

तिच्याशी मी बोलू का, असं त्यांनी विचारलं.

"नको, सर. चाळीस वर्षांची आहे ती. आता कळून तिनं काय करायचं?"

पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी हाक मारली, तशी ती कॉफीचं भांडं घेऊन निघून गेली.