पाठमोरा गार्ड

मुकुंदरावांनी जवानाच्या हातातली बंदूक ब्लेडनं कापून काढली. मग बारीक कानशीनं त्याचं हेल्मेट घासून गोल केलं आणि रिकाम्या झालेल्या मुठीला पुट्टीची चिमूट लावली. वाळल्यावर ती ट्रंक होणार होती. बोटाच्या पेराएवढा तो माणूस आता लढाईतून सुटला होता आणि गाडीत चढायला मोकळा होता.

"बाबा, बाहेर या की. यादगिरी आलाय."

चारुलता दारात उभी होती. तिच्यामागे मोजपट्टी घेतलेला सुतार.

"मी इथूनच बोलतो," मुकुंदराव म्हणाले.

टेबल जवळजवळ खोलीभर होतं. त्यावर सिकंदराबादचा प्लॅटफॉर्म, दोन रूळ आणि सुटायच्या तयारीतली मिलिटरी स्पेशल. टेबलाच्या मधोमध माणूस बसेल एवढा चौक मोकळा ठेवलेला, आणि त्या चौकात मुकुंदराव स्टुलावर बसलेले. आत जायचं तर टेबलाखालून रांगावं लागे. बायको सत्यवतीबाई गेल्यावर त्यांनी फळ्या एकेक करून वर आणवल्या आणि खोलीतच ठोकल्या. तेव्हापासून मलकपेठेतल्या या घराचा जिना ते उतरले नव्हते. किराणा दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येई.

यादगिरीनं दाराची रुंदी मोजली, मग टेबलाची. पुन्हा दाराची.

"साब, ये तो दरवाजे में से नै निकलता. टेबल पैले बनाए, पिच्छे घर बांधे क्या?"

"मग राहू दे इथंच," मुकुंदराव म्हणाले.

"उद्या टेम्पो येणार आहे," चारुलता म्हणाली. "घरमालकाला किल्ली द्यायचीय. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी पुण्याहून न्यायला आलेय ना?"

"टेबल येत असेल तर येतो, असं म्हणालो होतो. ते निघत नाही. मग मीही नाही."

"काट को निकालतुं ना साब," यादगिरी म्हणाला. "दो टुकडे. वहां जा को फिर जोड लेओ." त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि वाकून प्लॅटफॉर्मवर आडवी रेघ ओढली.

"नक्को!" मुकुंदराव एवढ्या जोरात ओरडले की यादगिरीच्या हातून पेन्सिल पडली. "वहां से नक्को."

चारुलतानं वाकून पाहिलं. गाडीच्या शेवटी गार्डाचा डबा होता. त्याच्या पायरीवर पांढऱ्या कपड्यातला गार्ड, पाठमोरा, तोंड इंजिनाकडे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला रामा रंगाच्या साडीतली एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, उजवा हात वर. रेघ नेमकी दोघांच्या मधून गेली होती.

"ही आई आहे," चारुलता म्हणाली.

"आधी हातगोळा फेकणारा जवान होता तो. खेळण्यातल्या जवानांच्या सगळ्या खोक्यात हात वर केलेला तेवढा एकच. दोन्ही पायांमध्ये पुट्टी भरली, गोंदात भिजवलेल्या पातळ कागदाचा पदर केला."

"आईला सांगितलं असतं, तुझा जवान केला म्हणून, तर मिश्या पण ठेवा म्हणाली असती."

मुकुंदराव हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना ठसका लागला. चारुलतानं टेबलावर वाफाळत्या चहाशेजारी ठेवलेला तांब्या पुढे केला.

"गार्डाच्या ड्यूटीवर निघालो की गॅलरीतून अशीच हात करायची," पाणी पिऊन ते म्हणाले. "मी कोपऱ्यावर मान वळवायचो, हात करायचो, की चाललो स्टेशनला. एवढी वर्षं कधी चुकली नाही."

 चारुलतानं बोटानं त्या बाईच्या हाताला हलकेच स्पर्श केला.

"बाबा, ती हात करत नव्हती."

"म्हणजे?"

"थांबा म्हणायची. तुमचं रोज काहीतरी राहायचं. डबा, नाहीतर मफलर, नाहीतर चष्मा. एका हातात ते धरून उभी राहायची आणि दुसरा हात वर."

"मग हाक मारायची ना!"

"मी पण तेच म्हणायची तिला. तर म्हणायची, निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, त्यात गाडीवरच्या माणसाला तर नाहीच. वळून नीट बघितलं तर येतील." चारुलतानं बोट मागे घेतलं. "तुम्ही हात करून निघून जायचात. मग शाळेतून आल्यावर डबा मी खायची. तुमच्या डब्यात कायम जास्तीची पोळी असायची."

"मला कधी बोलली नाही ती."

"तुम्ही एवढे खुशीत हात करायचात, म्हणायची, कुठं सांगत बसू."

खाली गल्लीत भाजीवाल्याची हाक गेली. यादगिरी दारात आपल्या अवजारांच्या पेटीवर बसला आणि त्यानं तंबाखू मळायला घेतली.

मुकुंदरावांनी त्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. दुसरा हात त्यांनी तिच्या अंगाला चिकटवून टाकला होता, पुट्टीत बुजवून. त्यात काही असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी ब्लेड उचललं. गार्डाच्या बुटांखाली पातं सरकवलं आणि त्याला पायरीवरून सोडवलं. मग चिमट्यात धरून त्याचे पाय तांब्याशेजारच्या गरम चहात बुडवले, प्लॅस्टिक नरम झालं तसा एक गुडघा किंचित वाकवला.

"बाबा, चहा!"

"दुसरा कर."

गोंदाचा थेंब त्यांनी प्लॅटफॉर्मवर ठेवला, बाईच्या अगदी पुढ्यात. त्यावर गार्डाला उभा केला. पाठ गाडीकडे, तोंड तिच्याकडे.

"गार्ड खाली उतरला," चारुलता म्हणाली, "मग गाडी?"

"गार्डानं हिरवं दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही," मुकुंदराव म्हणाले. गार्डाच्या खांद्यांवर त्यांनी दोन बोटं टेकवून धरली होती. "यादगिरी, लकीर उधर लेओ. डिब्बे के आगे से. ये दोनों एकीच टुकडे में आना."

यादगिरीनं तंबाखू तोंडात टाकली, जुनी रेघ अंगठ्यानं पुसली आणि नवी ओढली. ती प्लॅटफॉर्म ओलांडून सरळ मधल्या चौकापर्यंत आली, मुकुंदरावांच्या गुडघ्यापाशी. त्यानं करवत उचलली.

"काटूं, साब?"

"जरा ठैरो," मुकुंदराव म्हणाले. बोटं त्यांनी काढली नाहीत. "गोंद पकडने देओ."