कुरळ्याचं पान

माजी सैनिक संघटनेची वेबसाइट सांभाळायला कोण तयार आहे, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी चहाच्या कपात डोकी घातली. हात वर केला तो एकट्या तारमास्तरांनी. पलटणीत वायरलेस सांभाळलेला माणूस. संगणक म्हणजे जरा मोठा वायरलेसच, अशी त्यांची भाबडी समजूत. सहा महिने त्यांनी स्वतःचा आणि संगणकाचा सारखाच छळ केला, पण वेबसाइट उभी केली. लढाईत गेलेल्या प्रत्येकाचं त्यात एक पान केलं.

कुरळ्याचं पान त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. कुरळ्या म्हणजे जिवाभावाचा दोस्त. तारमास्तरांच्या बायकोचं लग्न आधी ठरलं होतं ते त्याच्याशी. तो गेल्यावर त्याची ट्रंक घरी पोचवायला हे गेले, तिथे ती भेटली आणि दोन वर्षांनी यांच्या घरी आली. चाळीस वर्षं संसार झाला, पण त्या विषयावर दोघांनी चकार शब्द काढला नव्हता. फोटो एकच होता, दोघा दोस्तांचा. तारमास्तरांनी त्यातून स्वतःला कापलं. कुरळ्याच्या खांद्यावरचा हात तेवढा राहिला, कारण तो कापायचा तर खांदाही जात होता.

कुठलं पान कधी उघडलं जातं, हे सांभाळणाऱ्याला दिसतं. बाकीच्यांची पानं महिन्यातून एखाद्या वेळी उघडायची. कुरळ्याचं रोज, दुपारी साडेतीनला. कोण असेल बरं, म्हणून त्यांना आधी कौतुक वाटलं. मग एकदा ते संघटनेच्या खोलीतून लवकर घरी आले, तर बायकोने हातातला टॅब पटकन पालथा घातला. पण कुरळे केस त्यांना दिसायचे ते दिसलेच.

त्या दिवसापासून तारमास्तरांच्या जिवाला चैन नाही. जिवंत माणूस असता तर दोन हात केले असते. हा मेला मरूनही चोवीस वर्षांचाच! ना टक्कल, ना कवळी, ना घोरणं. आपण चाळीस वर्षं दळण आणलं, गळके नळ दुरुस्त केले, आणि रोज साडेतीनला बघायचं कुणाला, तर त्याला! आरशासमोर दाढी करताना सुद्धा त्यांचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एका सकाळी त्यांनी कुरळ्याचा फोटो काढून टाकला. तिथे लिहिलं, ‘छायाचित्र उपलब्ध नाही.’ मग दुपारी बायकोचा चेहरा कसा पडतो ते बघायला ते घरी आले आणि चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहिले.

बायको टेबलाशी बसली होती. टॅबवर रिकामी चौकट होती. शेजारी फोन ठेवलेला, त्यातून एक थकलेला आवाज येत होता. तो त्यांनी ओळखला. कुरळ्याची थोरली बहीण. तिची दृष्टी गेल्याचं त्यांच्या कानावर होतं.

“उघडलंस का गं पान? सांग ना, कसा दिसतोय?”

बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“उघडलंय, ताई. केस तसेच, टोपीत न मावणारे. गळ्याशी एक बटण उघडं. डाव्या गालावर खळी. हसू दाबतोय, पण दाबलं जात नाहीये.”

दाराआड तारमास्तरांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण समोर फोटो नाही, तरी हिचं एक बटण चुकलं नाही!

“आणि खांद्यावर हात आहे म्हणतेस, तो कुणाचा गं? रोज विचारायचं राहतं.”

“आमच्या यांचा,” बायको म्हणाली. “चेहरा कापलाय वेड्याने. पण करंगळी वाकडी आहे ना, ट्रकच्या दारात सापडलेली. ती मी कुठेही ओळखेन.”

तारमास्तर तसेच अनवाणी मागे फिरले, रस्त्यावर येऊन चपला घातल्या आणि संघटनेच्या खोलीत जाऊन संगणक सुरू केला. फोटो परत चढवला, या वेळी अख्खा. शेजारी उन्हाने डोळे बारीक केलेला, बावळट दिसणारा एक तरुण उभा होता.

खळी सांगायची काय गरज होती, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही.