सिद्धूचं व्हय

सिद्धूची आई गेली, आणि दहाव्याच्या आधीच प्रश्न उभा राहिला, आता ह्याचं करायचं कुणी? सिद्धू तिशी ओलांडलेला, पण समज चार वर्षांच्या पोराची. पाहुण्यांनी हात वर केले. शेजारची अंबूबाई म्हणाली, "माझ्या ताटात जेवंल की." तरी कुणीतरी अर्ज केला, आणि कडेगावातून त्याला उचलून मिरजेच्या एका संस्थेत ठेवलं.

आज सांगलीला कचेरीत त्याचा पालक ठरवायला समिती बसली होती. संस्था कायद्यानं पालक झाली, की सिद्धूला लातूरकडच्या मोठ्या निवासात हलवणार होते. मग तो अंबूबाईला कुठला दिसतोय!

"तुम्ही त्याच्या कोण?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

"शेजारीण."

"म्हणजे नात्यातल्या नाही."

"आवं, नात्यातली बघितली की. मयतीला आली, च्या पिली, गेली."

मॅडमना हसू आलं. त्या मनानं वाईट नव्हत्या. "त्यालाच विचारू. त्याची इच्छा स्पष्ट कळली, तर मी तुमची बाजू लावून धरीन."

सिद्धू अंबूबाईचा पदर मुठीत धरून बसला होता.

"सिद्धू, अंबूबाईंकडे जायचं का?"

"व्हय!"

अंबूबाईचा जीव भांड्यात पडला.

"संस्थेत राहायचं का?"

"व्हय."

"आणि लातूरला?"

"व्हय," सिद्धू खुशीत म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

हे 'व्हय' त्याला अंबूबाईनंच शिकवलं होतं. पारावरची पोरं छेडायची, हा 'न्हाई' म्हणून अंगावर जायचा आणि मार खाऊन यायचा. तिनं घोटून घेतलं, कुणी काय बी म्हणू दे, आपण व्हय म्हणायचं. तेव्हापासून त्याला कुणी मारलं नव्हतं.

"मॅडम, त्याला लय कळतंय, फकस्त..."

"मला दिसतंय हो. पण लिहू काय? जेवणाच्या सुट्टीनंतर परत विचारते. शेवटचं."

व्हरांड्यातल्या बाकावर भाकरी तशीच राहिली.

"सिद्धू, हिकडं बघ. लातूरला जायचं का म्हणली, की न्हाई म्हणायचं. म्हण, न्हाई."

सिद्धूनं आधी तिच्या हाताकडं बघितलं, उगारलाय का.

"म्हण की रं, राजा. एकदाच. न्हाई."

तिला रडू फुटलं तसा तो घाबरला. तिच्याच पदरानं तिचे डोळे पुसत समजूत काढल्यासारखा म्हणाला, "व्हय."

आतून शिपायानं त्याचं नाव पुकारलं.