टायरचा रंग

"हा रंग कोणी मारला, काका?"

विम्याच्या माणसाने उकिडवे बसून फाटलेला टायर किल्लीने खरवडला. काळा पापुद्रा निघाला. खाली भेगाच भेगा.

अण्णाजींनी खाली पडलेला पापुद्रा चपलेने बाजूला सरकवला. सिंदी गावात पंक्चर काढण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती.

"हे चार आकडे पाहा," विम्याचा माणूस म्हणाला. " टायर कधी बनला ते याच्यात असते. तेरा वर्षं झाले याले. वरची नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं होते. उन्हात अन् वेगात दगा देतेच."

त्याने फोटो काढले, कागदावर 'टायर फुटला' एवढेच लिहिले आणि तो निघून गेला.

गाडीचे मालक मधुकरराव यांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी दाखवायला अण्णाजी आले होते. भर मे महिन्यात, भाच्याच्या लग्नाला समुद्रपूरला जाताना तो टायर फुटला आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मधुकरराव वाचले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, कुसुमबाई, जागीच गेल्या.

रंग अण्णाजींनीच मारला होता. मधुकररावांची गाडी वर्षभर गुरांच्या कोठ्यात ताडपत्रीखाली असायची, लग्नकार्यापुरती बाहेर निघायची. दसऱ्याला मात्र तिचा थाट. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवावीत तसे अण्णाजी ब्रश घेऊन चारही टायर काळेभोर करायचे आणि मग कुसुमबाई चाकांना हळदकुंकू वाहायच्या. भेगा अण्णाजींना दिसल्या होत्या. एकदा नाही, दोन दसरे दिसल्या. पण जे वापरले नाही ते झिजत नाही, ही आपल्याकडची समजूत. काटकसरी माणसाला ती फार गोड लागते. चाललेच नाहीत तर टायर बिघडतील कसे? रंगाचा हात जरा जाड मारला की भेग बुजायची. सणासुदीचे कशाला कोणाचे तोंड कडू करा!

परतताना त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. सांगून कुसुमबाई थोड्याच परत येणार आहेत? विम्याचा माणूस काही बोलणार नाही. आणि मधुकररावांखेरीज आपले आहे तरी कोण? बायको गेल्यापासून, दहा वर्षे, सकाळचा चहा त्यांच्याच ओट्यावर व्हायचा. तो चहा तुटला तर दिवस सुरू कुठून करायचा, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. तीन दिवस त्यांनी असेच काढले. अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी सकाळी ते मधुकररावांच्या ओट्यावर गेले.

"या अण्णाजी, बसा," मधुकरराव म्हणाले. "पाह्यली ना गाडी? जाऊ द्या. आपलं नशीबच फुटकं, टायरले काय दोष द्याचा?"

"नशीब नाई, मधुकरराव. टायर सडले होते." अण्णाजी उभेच होते. "मले भेगा दिसल्या होत्या. म्या वरतून रंग मारला अन् तुमाले सांगतलं नाई."

मधुकररावांनी आत बघितले; तिथे त्यांची मुलगी आचल होती. मग हळू आवाजात म्हणाले, "आचलच्या मायले बी दिसल्या होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी धुवून राह्यली होती ते. म्हणे, रंग निघाला, आत चिरा हायेत, टायर बदलवून घ्या. मी हासलो. म्हटलं, आपल्या अण्णाजीच्या हाताखालून गेलेले टायर हायेत, तुले काय समजते?"

"मधुकरराव, शिव्या द्या मले. काई तं बोला."

मधुकरराव प्लास्टरचा हात सावरत उठले आणि आत गेले.

अण्णाजी ओट्याच्या कडेवर टेकले. जावे की थांबावे कळेना. आत भांडे वाजले, कोणीतरी दबक्या आवाजात काही बोलले. मग आचल बाहेर आली आणि चौकटीशी उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काका, बाबा झोपले."

सकाळचे नऊ वाजले होते. तेवढ्यात आतून मधुकरराव खोकले. दोघांनीही ऐकले.

"झोपू दे त्यायले, बाई," अण्णाजी म्हणाले आणि चपला शोधू लागले. पायरीपाशीच होत्या, पण त्यांना काही दिसेना. शेवटी आचलच खाली उतरली, वाकली आणि तिने त्या सरळ करून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.