उंच झालेली खुंटी

"आधी विचार, मग बघ, आणि सगळ्यात शेवटी हात लाव. हाताला घाई झाली की कान बंद होतात."

थोरल्या बाईंचं, तिच्या गुरूंचं, हे बोलणं ती हाताने मणके बसवायची विद्या शिकत होती तेव्हाचं. कित्येक महिने त्यांनी तिला माणसाच्या पाठीला हात लावू दिला नव्हता. कागदाखाली एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटांनी शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. बोटं अशी तयार झाली. कानांचं पुढे काय झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

तिचा दवाखाना चांगला चालला होता. तिथल्या टेबलाचा एक भाग दाब दिला की बोटभर खाली बसे आणि खट्‌ असा आवाज होई. आवाज टेबलाचा, पण लोकांना वाटे हाड बसलं. सुरुवातीला ती समजावून सांगायची, मग कंटाळली. खूश झालेल्या माणसाचा विरस कशाला करा?

सगळ्यांत खूश होती आत्या. जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेली, आईमागे हिला पोटच्या पोरीसारखं वाढवणारी. पाठ धरली तेव्हापासून ती भाचीखेरीज कुणाच्या दारात गेली नव्हती. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकवायची, आमच्या पोरीच्या हाताला यश आहे, खट्‌ वाजलं की माणूस उठून चालायला लागतो.

त्या दिवशी निघताना आत्याने कोट काढायला हात वर केला. खुंटीपर्यंत पोचला नाही. चवड्यांवर उभी राहिली, तरी नाही. बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या एका ड्रायव्हरने कोट काढून दिला.

"घरातली फळीपण अशीच उंच झालीय मेली," आत्या म्हणाली. "म्हातारपणी सामानसुद्धा शेफारतं."

सगळे हसले. भाचीही हसली, आणि हसता हसता तिची नजर खुंटीवर गेली. मागच्या थंडीत याच खुंटीला आत्या आपल्या हाताने कोट अडकवत होती. फळीचं गाऱ्हाणं तर तिने टेबलावर पालथं पडून कधीच सांगितलं होतं. त्यावर हिने 'स्टूल घे की' म्हणून दाब दिला होता.

माणूस बुटका होतो तेव्हा मणका आतून खचलेला असू शकतो, आणि अशा पाठीवर दाब द्यायचा नसतो. परक्या माणसाला तिने पहिल्याच भेटीत विचारलं असतं, उंची कमी झालीय का, कुठे पडलात का, रात्री दुखतं का. आत्याला काहीच विचारलं नव्हतं. घरचं माणूस, त्याला काय विचारायचं!

तिने आत्याला पुन्हा आत नेलं, दार लावलं आणि आता विचारलं. न्हाणीघरात पाय घसरला होता. रात्री कूस बदलता येत नव्हती. मग सांगितलं का नाहीस, हे ओठांवर आलेलं तिने गिळून टाकलं. विचारायचं काम तिचं होतं.

"आत्या, तो आवाज तुझ्या हाडाचा नव्हता, टेबलाचा होता," ती खाली बघत म्हणाली. "आणि तुझ्या पाठीला मी दाबायलाच नको होतं. आधी एक्स-रे फोटो काढायला हवा होता."

आत्या कोटाच्या बटणाशी चाळा करू लागली.

"म्हणजे एवढे दिवस मी टेबलाचं कौतुक करत होते?" मग हळूच दाराकडे बघून म्हणाली, "अगं, त्या बाहेरच्यांना मी काय काय सांगून ठेवलंय."

ते ऐकून तिला मान वर करवेना. आपली लाज आता आत्यालाही वाटून घ्यावी लागत होती.

"त्यांना मी सांगते."

"ते तुझं तू बघ. मला मोठ्या इस्पितळाची भीती वाटते. तू बरोबर चल. आतपर्यंत यायचं, दारातून पळायचं नाही."

"येते. सकाळीच जाऊ."

आत्या गेल्यावर ती बाकासमोर उभी राहिली आणि टेबलाचं खरं काय ते सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, मग मला बरं वाटलं ते खरं की खोटं? तुमचं बरं वाटणं खरं, ती म्हणाली, आवाजाचं श्रेय मी फुकट घेतलं. तो मान हलवून उठला आणि पाठ तपासून न घेताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गर्दीचा वार होता. तिने सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दवाखान्याचं दार उघडलंच नाही. गाडीत आत्याच्या पाठीशी ठेवायला घरातली एक मऊ उशी काखेत मारली आणि कुणाला हाक न देता ती आत्याच्या घराच्या रस्त्याला लागली.