सुपाएवढे कान

शंभूनं लोखंडी पाइपाचा पहिला तडाखा फळ्यावर घातला, तेव्हा सोजरबाई प्लास्टिकच्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत.

"फळा मंडळाचा हाय रं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं कधी वर्गणी दिली न्हाई, तरी त्याच्या दहाव्याची वेळ ह्याच्यावरच लिहिली होती. बेतानं मार."

धायरीच्या त्या चौकात सकाळी दुधाला आलेली माणसं होती, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया होत्या. सगळे हसले. शंभू हसला नाही. त्याच्याबरोबर दोन गाड्यांवर आलेली पोरंही हसली नाहीत. फळ्यापुढे सोजरबाईंची सून सृष्टी उभी होती, हातात रंगीत खडू, बोटं निळी झालेली.

सोजरबाईंची शाळा दुसरीत सुटली, पण जीभ पार मॅट्रिक झाली होती. सून यवतमाळची. पुण्यात चित्रकला शिकायला आली आणि सोजरबाईंच्या आनंदशी लग्न करून धायरीत राहिली. सुरुवातीला ती जीभ सगळी सुनेवरच चालायची. "पोळी हाय का नकाशा? वऱ्हाड तेवढं जळालंय बघ." सून उलट बोलायची नाही. तिनं एक दिवस सासूचं चित्र काढलं. सासू दारात बसलेली, जीभ जिन्यावरून खाली उतरून चौकापर्यंत गेलेली, आणि त्या जिभेवर शेजारणींनी धुणं वाळत घातलेलं. कागद नेमका सोजरबाईंच्या हाती लागला. आनंदनं चपला शोधायला सुरुवात केली. सोजरबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, "जीभ आखूड काढलीस."

तेव्हापासून दोघींचं जमलं. महापालिकेची निवडणूक लागली तशी सासू बोलायची आणि सून काढायची. रोज सकाळी चौकातल्या फळ्यावर नवं चित्र. लोक सिंहगड रोडवरून वाट वाकडी करून बघायला यायचे.

त्या दिवशीच्या चित्रात एक कोरडा नळ होता. नळाशेजारी एक पुढारी हात जोडून उभा. त्याच्या तोंडातून लाळेची धार लागलेली, आणि बाया हंडे घेऊन त्या धारेखाली रांगेत. पुढाऱ्याला कान मात्र सुपाएवढे. खाली सोजरबाईंचे शब्द: "नळ कोरडा, तोंडाला पाणी. गाऱ्हाणी पाखडून टाकतो, वाहवा ठेवून घेतो."

"पुसा ते," शंभू म्हणाला. "दादांची बदनामी हाय."

"कंच्या दादांची?"

"रविराजदादांची."

"नाव दाखव की कुठं लिहिलंय."

शंभूनं फळा वरपासून खालपर्यंत वाचला. दूधवाला गेनबा कॅन खाली ठेवून म्हणाला, "आमाला तर वाटलं, पलीकडच्या प्रभागातला हाय ह्यो."

"दादाच हायेत!" शंभू ओरडला. "कान बघा की!"

आता चौक असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. कारण खरं सांगायचं तर रविराजचे कान कुणाच्या ध्यानातच नव्हते. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर त्याचे कान कॉम्प्युटरनं कापून बेताचे केलेले. प्रत्यक्षात तो कानावर फेटा ओढून फिरायचा. ते कान ठाऊक त्याच्याजवळच्यांना, आणि पाठ फक्त सोजरबाईंना. रविराज त्यांच्या धाकट्या दिराचा पोरगा. आई बाळंतपणात गेली, तेव्हा सोजरबाईंनीच त्याला आनंदबरोबर पदराखाली घेतला, आणि ते सुपासारखे कान चपटे बसावेत म्हणून तेल लावून रात्रीचं फडकं बांधलं. कान बसले नाहीत. पोरगंही हाताला बसलं नाही. मोठा होऊन टँकरवाला झाला, मग नगरसेवक झाला, आणि तो नगरसेवक झाल्यावर धायरीचे नळ आणखीच आटले.

चित्राला नाव नव्हतं. नाव शंभूनं लावलं, आणि लावल्यावर त्याला ते कळलं. माणूस स्वतःच्या मूर्खपणावर चिडला की दुसऱ्याचं हाड शोधतो.

त्यानं सृष्टीचं मनगट धरलं. तिचा हात फळ्याच्या चौकटीवर दाबला आणि पाइप हाणला. ऊस मोडावा तसा आवाज आला. सृष्टी ओरडलीसुद्धा नाही, नुसता श्वास आत ओढला. दुसरा तडाखा बोटांवर बसला. खडू आणि रक्त एक होऊन फळ्यावरून ओघळलं, नेमकं त्या लाळेच्या धारेवरून.

सोजरबाईंनी बसायची खुर्ची उचलून शंभूच्या डोक्यात घातली. प्लास्टिकचीच ती, तिचाच पाय मोडला, शंभूच्या कपाळाला नुसता ओरखडा. एका पोरानं म्हातारीच्या छातीत कोपर मारलं, त्या गेनबाच्या कॅनवर पडल्या, दूध रस्ताभर झालं. दुसऱ्यानं फळा उपटून गटारात फेकला. गाड्या सुरू झाल्या.

"डावा ऱ्हायलाय अजून," शंभू जाताजाता म्हणाला. "ध्यानात ठेवा."

चौकात इतकी माणसं होती. एकही पुढं आलं नाही.

डॉक्टरांनी बोटांत तारा घातल्या. खडू धरता येईल का, विचारल्यावर ते म्हणाले, "आधी भाताचा घास धरता येऊ दे." चौकीतल्या साहेबांनी अर्ज घेतला, वाचला, आणि पेपरवेटखाली ठेवला. "तुमचा पुतण्याच ना? भावकीतलं हाय. निवडणूक होऊन जाऊ द्या."

"आणि तोवर?"

"तोवर चित्रं काढू नका."

"बरं," सोजरबाई म्हणाल्या. "तुमचंबी काढणार होतो. पण तुमचा चेहरा कशाला, नुसतंच पेपरवेट काढलं तरी लोक वळखतील."

संध्याकाळी आनंद मान खाली घालून घरात आला. तो रविराजला भेटून आला होता. "आई, दादा म्हणतो झालं ते वाईट झालं. पोरं ऐकत नाहीत त्याचं. रविवारी त्याची पदयात्रा आपल्या दारावरून आहे. तू त्याला ओवाळायचं. चुलतीनं ओवाळलं, म्हणजे घरात काही नाही हे लोकांना दिसतं. मग परत कुणी येणार नाही."

"आणि न्हाई ओवाळलं तर?"

आनंद परत चपलांकडे बघू लागला.

"तोंड उघड रं. का तुझंबी फ्लेक्सवाल्याकडनं कापून आणलंय?"

"तर म्हणाला, पोरं ऐकत नाहीत."

सोजरबाईंना कळलं. त्यांच्या मानेचा ताठा एका बाजूला होता आणि सुनेचा डावा हात दुसऱ्या बाजूला. आयुष्यभर त्या कुणापुढं वाकल्या नव्हत्या, आणि त्या ताठ्याचं मोल आजवर त्यांनीच भरलं होतं. आज पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या हाडातून वसूल झालं. त्या आत गेल्या. सृष्टी भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या बँडेजचा गोळा उशीवर ठेवून.

"सृष्टे, ओवाळू का त्याला?"

सृष्टीनं वर बघितलं. "आजवर कधी विचारलं का मले? आजच कायले?"

"आज हात तुझा हाय म्हणून."

सृष्टीनं बँडेजकडे बघितलं. "मले माझा हात पाहिजे, आई," ती म्हणाली. "पण तुम्ही त्याच्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या, तर हे हात घेऊन काढू काय मी?"

"मान खाली त्यो घालंल. ओवाळताना वाकावं त्यालाच लागतंय." सोजरबाई तिच्याजवळ बसल्या. "पर माझं ऐक. आज काय झालं, शंभूनं मारलं आणि रविराज म्हणाला पोरं ऐकत न्हाईत. त्यानं स्वतः कधी हात उचलला न्हाई. लोकाच्या हातानं मारणाऱ्याला कोण धरणार? त्यानं एकदा स्वतःच्या हातानं मारलं पायजे. सगळ्यांच्या देखत."

"कोणाले मारल तो?"

"मी हाय की. तू नुसती गॅलरीत उभी ऱ्हा, डाव्या हातात मोबाइल धरून. त्याला काय चित्रकला लागत न्हाई."

सृष्टीनं मान हलवली, हो नव्हे, नाही. मग डोळे मिटले. मग हो.

रविवारी ढोल-ताशा घुमत आला. पुढे पोरं झेंडे नाचवत होती. मध्ये रविराज, पांढराशुभ्र, गळ्यात उपरणं, फेटा कानावर ओढलेला. बाजूला मोबाइल उंच धरलेली दोन माणसं, त्याचाच कार्यक्रम थेट दाखवणारी. मागं शंभू, कपाळाला पट्टी लावलेला. दारादारांत बाया ताटं घेऊन उभ्या होत्या, काही मनानं, काही भीतीनं.

सोजरबाई सर्वांत वरच्या पायरीवर होत्या. ताटात निरांजन, कुंकू, सुपारी, आणि काजळाची डबी. काजळ घरचं, तेलाचं. पुसलं की आणखी पसरणारं.

"काकी!" रविराजनं हात पसरले. मोबाइल जवळ आले. "आशीर्वाद द्या."

"देती की. फेटा काढ. आईपुढं फेटा घालून वाकत्यात व्हय?"

इतक्या लोकांत नाही कसं म्हणणार? त्यानं फेटा काढला. कान सुटे झाले. ताशावाल्या पोरांपैकी एकाच्या हातातली काडी चुकली.

"वाक आणखी. हात जोड, तसं बरं दिसतंय."

तो वाकला, हात जोडले, डोळे मिटले. सोजरबाईंनी कुंकू लावलं. मग काजळात अंगठा बुडवून कानामागं तीट लावली.

"दृष्ट लागू नये माझ्या लेकराला," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

रविराज भावुक हसला. सगळं प्रचाराला उपयोगी पडत होतं. त्या वेळात अंगठा कानामागून पुढं आला, गालावरून मोठा वळसा घेत भुवईला भिडला. एक सूप झालं. मग तोच अंगठा दुसऱ्या गालावर. दुसरं सूप झालं. रविराजला वाटलं चुलती मायेनं तोंड कुरवाळतेय. त्याचे हात जोडलेले होते, ते सोडता येत नव्हते. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीवरून खाली काळी धार ओढताना त्या म्हणाल्या, "हंडा धरा गं कुणीतरी."

शेजारच्या विमलाबाई फिस्सकन हसल्या. मग त्यांची सून. मग रांगेतल्या सगळ्या. ढोल आपोआप थांबला. लोक हसताहेत म्हणजे प्रेमच करताहेत, असं समजून रविराज आणखी तोंडभर हसला, आणि ते काळं सूप त्याच्या गालावर हललं.

मग त्याची नजर समोरच्या मोबाइलवर गेली. स्वतःचाच कार्यक्रम, स्वतःचाच चेहरा.

"आता वळखू आलास," सोजरबाई म्हणाल्या. "परवा नाव लिहायचं ऱ्हायलं होतं."

त्यानं ताट हिसकलं. पितळेचं, जड, लग्नातलं. शंभूला हाक मारली नाही, पोरांना खूण केली नाही. ते ताट त्यानं स्वतःच्या हातानं म्हातारीच्या तोंडावर मारलं, काठानं. निरांजन उडालं. जबड्यातून कडकन आवाज आला. त्या पायरीवर बसल्या, तर त्यानं पुन्हा मारलं. दात पडले, कुंकवात कुंकू मिसळावं तसं रक्त दिसलं. तिसऱ्यांदा ताट उचललं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची काळी धार घामानं खरीच गळत होती.

"दादा, चालू आहे! लाइव्ह चालू आहे!" मोबाइल धरलेला माणूस ओरडला.

शंभू सोजरबाईंकडे सरसावला, तो विमलाबाईंनी हातातलं जळतं निरांजन त्याच्या शर्टावर फेकलं. बाजूनं दुसरीनं नारळ घातला त्याच्या डोक्यात, त्याच पट्टीवर. परवा चौकात जी माणसं हलली नव्हती, ती आज हलली; बाया आधी, बाप्ये मागून. गेनबानं रिकामा कॅन फिरवला. शंभू गटारापाशी आडवा झाला, जिथं परवा फळा पडला होता. रविराज ताट टाकून पळाला, तोंड दोन्ही हातांनी झाकून. पण कान हातात मावेनात.

गॅलरीत सृष्टी रडत होती, पण तिचा डावा हात जराही हलला नाही.

त्या संध्याकाळी साहेब स्वतः दवाखान्यात जबाब घ्यायला आले. पेपरवेट आणलं नव्हतं. गुन्हा नोंदला, रविराजला अटक झाली, जामीनही झाला. मतं पडायची होती ती पडतील. पण शंभू धायरीत दिसेना, आणि सोजरबाईंच्या घराखाली आळीपाळीनं बाया निवडण-टिपण घेऊन बसू लागल्या.

सोजरबाईंचा जबडा तारांनी बांधला होता. बोलायची बंदी. आनंद म्हणाला, धायरीला इतकी शांतता सोसणार नाही. त्यांनी डोळ्यांनीच त्याची सालं काढली.

सृष्टी शेजारच्या स्टुलावर बसली होती. सुनेच्या हाताला तारा, सासूच्या जबड्याला तारा. नर्सनं काही हवं-नको लिहून दाखवायला पाटी दिली होती. सोजरबाईंनी पेन्सिल मुठीत धरली, काठी धरावी तशी, आणि भुवया आवळून एक रेघ ओढली. ती वळली, थरथरली, परत आली. आंबा म्हणा, बटाटा म्हणा. सोजरबाईंनी अभिमानानं पाटी सुनेकडे फिरवली.

सृष्टीनं पाटी लांब धरली, जवळ धरली.

"कान आखूड काढला, आई," ती म्हणाली. "पुसा, परत काढा."