दुसऱ्यांदा वाढलेला भात

मी खानावळीतला पितळी टोप बोलतोय. भाताचा टोप, बरं का. डाळीचं पातेलं वेगळं. ते शेजारच्या चुलीवर असतं आणि सदा उतू जातं.

मला ठोकून घडवलं तेव्हाच कारागीर म्हणाला होता, "हा पंगतीला पुरेल." मला विकत घेतलं नणंद-भावजयींनी. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर दोघींनी धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत खानावळ काढली. नणंद, म्हणजे ताई, हाताची घट्ट. तिच्याकडून मीठसुद्धा मोजून निघायचं. भावजयीला सगळे वहिनी म्हणत. तिचा हात सैल. खानावळीचा नियम एकच होता: पैसे ताटाचे, दुसऱ्यांदा भात हवा तेवढा.

जेवायला यायचे बाजारातले हमाल. त्यातला एक अंगानं काडीसारखा, म्हणून त्याचं नाव पैलवान. जेवताना त्याचा डोळा माझ्यावर असायचा. वहिनी "अजून?" म्हणायची, की तो लाजत ताट पुढे करायचा.

मग तांदळाचा भाव भडकला.

"यंदा तर पीक चांगलं आलंय," वहिनी म्हणाली. "नदीपलीकडची शेतं मी स्वतः पाहिली."

"पीक आलंय हो, पण आम्ही ते बंदराच्या गाड्यांत भरतोय," पैलवान म्हणाला. "समुद्रापलीकडच्या मुलखात पुरानं भात कुजला. तिकडचे व्यापारी मागाल तो भाव देतात. मग इथला दुकानदार तुम्हाला स्वस्त कशाला देईल?"

"म्हणजे पाऊस तिकडे पडला आणि चूल आमची विझायची!" ताई म्हणाली.

गिऱ्हाईक पांगल्यावर दोघींचं वाजलं.

"दर वाढवला तर ही माणसं येणार नाहीत," ताई म्हणाली. "नाही वाढवला तर आपणच धंद्यातून उठू. दुसरा भात बंद."

"तोंडावर नाही म्हणायला मला नाही जमायचं."

"मग भात वाढायचा डाव माझ्याकडे दे."

दुसऱ्या दिवशी वाढायला ताई उभी राहिली. पण तिला नाही म्हणावंच लागलं नाही. तांदळाची पोती वाहणाऱ्यांना भाव काय कुणी सांगावा लागतो? पहिला भात संपला तसा पैलवानानं ताटावर हात आडवा धरला. "बस झालं, ताई. पोट भरलं." त्याचं पाहून शेजारच्यानं, मग त्याच्या शेजारच्यानं. सगळी पंगत उठली. माझ्यात भात उरला, आणि तो मला पोटात दगडासारखा वाटला.

ताई पुटपुटत ताटं घेऊन मागच्या अंगणात गेली. दारातून मला दिसत होतं. पैलवान रांजणापाशी उभा राहून तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता.

"केवढं पाणी पितोस रे?"

"ऊन आहे ना, ताई."

आभाळ तर गच्च भरलेलं होतं.

ताईनं त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. "पाण्यावर पोतं उचलतं का? चल आत. त्या बाकीच्यांनाही हाक मार. लबाड मेले!"

शिव्या देत देत तिनं सगळ्यांना वाढलं. वहिनी दाराआड डोळे पुसत होती.

भाव काही ताईच्या मायेनं उतरणार नव्हता. ताटाचा दर थोडा वाढवावाच लागला, आणि भात निघाला की दुसऱ्या भाताला जोड म्हणून माझ्यात रताळी उकडू लागली. भाताचा टोप मी. मला कमीपणा वाटला. पण "काय ताई, भाताला भाऊ मिळाला!" म्हणत पैलवानानं ती दोनदा मागून घेतली, तेव्हा माझीही समजूत पटली. काही जणांना वाढलेला दर परवडेना. ते गेले ते गेलेच. पुढे समुद्रापलीकडे नवं पीक आलं, भावही उतरला. चढला होता सशासारखा, उतरला गोगलगायीसारखा, आणि जुन्या जागी काही पोचला नाही.

आता माझा तळ झिजलाय, एक कडी निखळलीय. आज दोघींनी मला मोडीत द्यायला भांड्यांच्या दुकानात आणलंय. वहिनीनं एका लहान टोपाकडे बोट दाखवलं. "हा पुरेल, ताई. भावाचा काय भरवसा?"

ताई मला एकदा कुरवाळून दुकानदाराकडे वळली. "भाव आपल्या हातात नाही, टोप आहे. याच्याहून मोठा दाखवा हो."

दुकानदारदादा, माझं एवढंच मागणं आहे. वितळवून माझं काहीही करा, पण कुलूप करू नका. निदान एक डाव करा. मला वाढायची सवय आहे.